मुसळधारेचा विग्रह

सभेत प्रश्न विचारणारा माणूस हुशार असतो, हा एक जुना गैरसमज आहे. खरा हुशार माणूस मागच्या रांगेत, पंख्याखाली, दाराजवळ बसतो आणि चहा आला की घेऊन घरी जातो. मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि चहा अजून आलेला नव्हता.

सभा होती शिक्षण मंडळाची. आमच्या भागातल्या सगळ्या शाळा या मंडळाच्या हाताखाली येतात, आणि मागच्या वादळात त्या सगळ्या चालू राहिल्या होत्या. नाला फुगला, रस्ता पाण्याखाली गेला आणि पोरं संध्याकाळपर्यंत बाकांवर उभी राहिली. आमची चिमी अग्निशमन दलाच्या जवानाच्या खांद्यावर बसून घरी आली, एकाच पायात बूट घालून. बुटाचं काही नाही. पण तेव्हापासून आभाळ जरा काळवंडलं की तिच्या पोटात दुखू लागायचं, आणि दप्तर पाठीला लावायच्या आधी ती रोज मला विचारायची, "बाबा, आज मुसळधार आहे का?"

हा शब्द पोरीच्या तोंडी बसला तो मंडळाच्या कृपेने. मंडळाचा नियम असा होता: 'मुसळधार पाऊस झाल्यास शाळा बंद ठेवाव्यात.' आणि त्या दिवशी हवामान खात्याच्या पत्रात शब्द होता 'जोरदार'.

"पत्रात मुसळधार असतं," मंडळाचे मुख्य साहेब व्यासपीठावरून समजावत होते, "तर मी एका सहीत शाळा बंद केल्या असत्या. पण पत्रात जोरदार होतं. शब्दाला काही अर्थ असतो, मंडळी. मी स्वतः भाषेचा शिक्षक होतो."

भाषेचे शिक्षक असल्याचं साहेब कोणाला विसरू देत नसत. पण मीही काही कमी नव्हे. मी छापखान्यात प्रूफं तपासतो. एखादा मोघम शब्द दिसला की माझ्या हाताला खाज सुटते, आणि लाल पेन जवळ नसेल तर ती जिभेवर उतरते. मी उभा राहिलो.

"साहेब, मुसळधार म्हणजे नेमका किती?"

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने पंख्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जाताना दिसलं की माणूस असा हसतो.

"उत्तम प्रश्न! इतका मूलभूत प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आता तुम्हीच याचं प्रमाण ठरवा आणि पुराव्यासह सादर करा."

टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी बायको नव्हती.

"अहो, बाकीचे आईबाप काय मुके होते?" वाटेत तिने विचारलं.

"अगं, कोणीतरी विचारायलाच हवं होतं."

"हो ना. आणि 'कोणीतरी' म्हटलं की दर वेळी तुम्हीच कसे सापडता?"

मी पावलं जरा भरभर टाकली. चहाही राहिला होता.

आमच्या इमारतीत बातमी माझ्याआधी पोचली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. जिना चढताना ते भिंत ओळंब्यात आहे की नाही हे एक डोळा मिटून बघतात, म्हणून सगळे त्यांना काटकोनकाका म्हणतात. ते हातात मोजपट्टी घेऊनच आले.

"अगदी सोपं आहे. मुसळधार म्हणजे मुसळाएवढी धार. तेव्हा धारेची जाडी बरोबर मुसळाची जाडी. मुसळ मोजा, प्रश्न मिटला. आणा मुसळ."

घरात मिक्सर होता.

तळमजल्यावरच्या वहिनी मदतीला धावल्या. त्यांनी घरातून खलबत्त्यातला बत्ता आणला.

"हेच ना हो ते?"

"वहिनी, हा बत्ता. मुसळ लाकडाचं असतं, चांगलं छातीएवढं उंच," मी म्हटलं.

"अगं बाई! मग ते खलात मावतं कसं?"

मला वाईट वाटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण उठता-बसता म्हणतो. उखळात डोकं घातलं की मुसळाला भ्यायचं नाही, असंही म्हणतो. आणि अख्ख्या इमारतीत एकाच्याही घरात मुसळ नसावं! वहिनींना तर डोळ्यात गेलं तरी ओळखता आलं नसतं. भांड्यांच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "मुसळ कंपनीचा मिक्सर सध्या संपलाय, दुसऱ्या कंपनीचा दाखवू?"

शेवटी बायकोलाच आठवलं. तिच्या मावशीकडे मुसळ होतं. मावशी एकट्या राहतात आणि रात्री मागच्या दाराला अडसर म्हणून तेच मुसळ लावतात.

"माझ्या आईचं आहे ते," मावशींनी मला बजावलं. "नेतोयस तसं परत आण. जावई म्हणून देतेय, नाहीतर सख्ख्या भावाला दिलं नसतं. आणि लवकर आण, तोवर दाराला मी काय लावू? तुझी मोजपट्टी?"

मी शब्द दिला. शब्दाला काही अर्थ असतो, असं साहेब म्हणालेच होते.

मुसळ घेऊन बसने प्रवास करण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. काळंभोर, तुळतुळीत, खालच्या टोकाला लोखंडी कडं घातलेलं ते धूड हातात धरून मी बसमध्ये चढलो आणि माझ्या आजूबाजूची जागा आपोआप रिकामी झाली. एका गृहस्थांनी तर उठून मला खिडकी दिली.

"भांडण कुठं आहे?" कंडक्टरने हळूच विचारलं.

"भांडण नाही. शिक्षण मंडळात चाललोय."

"मग असू द्या," तो समजूतदारपणे म्हणाला. "माझीपण दोन पोरं शाळेत आहेत."

मंडळाच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. हत्यार आत नेता येणार नाही. मी म्हटलं, हे हत्यार नाही, पुरावा आहे. तो म्हणाला, पुरावा हा हत्याराचाच असतो. या युक्तिवादापुढे मी हात टेकले. अखेर मुसळ त्याने स्वतः उचलायचं आणि मी मागून चालायचं अशी तडजोड झाली. त्यामुळे मला कुठेतरी पकडून नेत आहेत असं कचेरीतल्या सगळ्यांना वाटलं.

हेडक्लार्कने माझा अर्ज वाचला आणि मुसळाकडे चष्म्यावरून पाहिलं.

"पुरावा अर्जाला जोडलेला नाही."

"हा काय समोर आहे."

"समोर आहे. जोडलेला नाही."

टाचणी बसण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी शिपायाने सुतळी आणली आणि अर्ज मुसळाच्या कमरेला बांधला. हेडक्लार्कने शिक्का शाईत दाबला आणि मला काही कळायच्या आत मावशींच्या आईच्या मुसळावर 'आवक' असा गोल, जांभळा शिक्का उमटवला.

"हे परत कधी मिळेल?" मी विचारलं.

"परत?" हेडक्लार्कला माझी कीव आली. "अहो, आता ते दप्तरी दाखल झालं. मूळ प्रत कार्यालयातच राहते. तुम्ही झेरॉक्स काढून ठेवायला हवी होती."

मी मुसळाची झेरॉक्स काढायला विसरलो होतो, हे खरं होतं.

साहेबांनी मात्र मुसळ आत मागवून घेतलं. त्यांनी ते वरून पाहिलं, खालून पाहिलं, दोन्ही हातांच्या मुठीत धरून त्याची जाडी अजमावली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आभाळातून एवढ्या जाडीची धार पडली, तरच मुसळधार?"

"हो, म्हणजे शब्दशः तसंच..."

"वा! मग त्या दिवशी तर मुसळधार नव्हताच. या हिशेबाने तो आजवर कधी पडलेलाच नाही! शाळा बंद ठेवायचा प्रश्नच उद्भवत नाही. तुम्ही आमचं काम फार सोपं केलंत हो." आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मी बाहेर आलो तेव्हा पहारेकऱ्याने मला सलाम केला. तो कशाबद्दल होता ते मला कळलं नाही.

मी हात हलवत घरी आलो. एवढा खटाटोप, एवढी शोभा, आणि मुसळ केरात! मावशींचा फोन येऊन गेला होता. दाराला त्यांनी शिलाई मशीन लावलं होतं आणि जावयाबद्दलचं मत बदललं होतं. काटकोनकाका जिन्यातून ओरडून सांगून गेले की एवढ्या जाडीच्या धारा खरोखर पडल्या तर बंद करायला शाळाच उरणार नाही, त्यांनी गणित केलं आहे. पण खरा घाव घातला तो चिमीने. जेवताना तिने ताटातून मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे आता शाळा कधीच बंद नाही होणार? मग पाणी आलं तर?"

मी म्हटलं, "येणार नाही गं."

"तेव्हा आलं होतं ना पण." ती खुर्चीवरून उतरली आणि हाताने दाखवू लागली. "आधी इथं होतं." घोट्यावर. "तेव्हा बाई म्हणाल्या, काही नाही होत. मग इथं झालं." गुडघ्यावर. "तेव्हा माझा बूट गेला. मग इथं." कमरेवर. "मग आम्ही बाकावर चढलो."

मी हातातला घास ताटात ठेवला. इतके दिवस मी मुसळ घेऊन आभाळाकडे बघत हिंडत होतो. पोरीला भीती आभाळातल्या पाण्याची नव्हतीच, रस्त्यावरच्या पाण्याची होती. धार किती जाड पडते याच्याशी कोणाला काय करायचंय? ती खाली साचून किती वर चढते ते महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात न जाता थेट साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, माझ्या अर्जात एक गंभीर चूक राहिली आहे. समासाचा विग्रह चुकला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "विग्रह?"

"मुसळधार या शब्दाचा. मुसळाएवढी धार, हा झाला बाजारू विग्रह. शास्त्रशुद्ध विग्रह आहे 'मुसळावर चढलेली धार'. यातलं 'चढलेली' हे मधलं पद लोपलं आहे. मध्यमपदलोपी समास. आपल्यासमोर मी काय सांगावं, आपण तर भाषेचे शिक्षक."

हेडक्लार्क बाजूला उभा होता. शिपाई दारात होता. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. मध्यमपदलोपी हा शब्द आपण शेवटचा कधी ऐकला ते त्यांना आठवत नव्हतं हे उघड होतं. पण कबूल करणार कसं, आणि तेही शिपायासमोर?

"अर्थातच," साहेब म्हणाले. "मध्यमपदलोपी. मी तेव्हाच सुचवणार होतो, पण म्हटलं तुमच्या लक्षात येतंय का बघू."

"तेव्हा मुसळ जमिनीत रोवायचं, आणि पाणी त्याच्यावर ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं की मुसळधार. हवामान खातं काहीही म्हणो."

"विग्रहच तसा आहे म्हटल्यावर आपला नाइलाज आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

जन्मभर मी लोकांच्या चुका लाल शाईने खोडत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी एक चूक हाताने घडवली, तीही व्याकरणाची, आणि वर साहेबांची सही घेतली. मला शरम वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मला कडकडून भूक लागली.

मुसळ रोवायची जागा चिमीला विचारूनच ठरली. मंडळाच्या सगळ्या शाळांच्या गाड्या ज्या वळणावरून जातात, त्या नाल्याकाठच्या वळणावर पाणी सगळ्यांत आधी तुंबतं. पण दप्तरी दाखल झालेली वस्तू कार्यालयाबाहेर नेता येत नव्हती. इथे हेडक्लार्क धावून आला. कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण आला. 'स्थळतपासणीसाठी तात्पुरते रवाना' असा शेरा मारून त्याने मुसळ बाहेर काढलं. ती तपासणी आजही चालू आहे.

काटकोनकाकांनी ओळंबा लावून मुसळ उभं केलं. मी चिमीला शेजारी उभी केली आणि तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, कामावरचीच शाई वाटावी असा लाल रंगाचा पट्टा ओढला. आवकचा शिक्का रस्त्याच्या बाजूला ठेवला, म्हणजे कोणी हात लावणार नाही.

लोकांनी माझी जी टिंगल केली ती मी इथे सगळी सांगत नाही. मला 'मुसळराव' म्हणू लागले. मुसळावर कोणी शिकवणीची जाहिरात चिकटवली, कोणी सापडलेला किल्ल्यांचा जुडगा अडकवला. एका कुत्र्याने जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. छापखान्यातले मला कामाला लागण्याआधी विचारत, "काय, आज विग्रह कसा आहे?" उखळात डोकं मीच घातलेलं होतं.

आणि मग ती सकाळ आली. रात्रभर वारा खिडक्या बडवत होता. चिमी पांघरुणात पोट धरून बसली होती. हवामान खात्याचा शब्द आला: 'जोरदार'. मी छत्री घेऊन निघालो. छत्री कोपऱ्यावरच उलटी झाली आणि एका झाडावर जाऊन बसली. वळणावर पोचलो तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं. किल्ल्यांचा जुडगा दिसत होता, जाहिरात दिसत होती, लाल पट्टा कुठे दिसत नव्हता.

मी साहेबांना फोन लावला. वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं.

"साहेब, मुसळधार!"

"पण पत्रात तर जोरदार..."

"पट्टा बुडाला, साहेब! धार मुसळावर चढली!"

गाड्या सुटायची वेळ झाली होती.

"विग्रहानुसार?" साहेबांनी विचारलं.

"विग्रहानुसार!"

"मग बंद," साहेब म्हणाले. "सगळ्या शाळा बंद. गाड्या जागेवर थांबवा."

आता मी ओलाचिंब घरी येऊन टॉवेलने डोकं पुसतो न पुसतो, तोच पाऊस थांबला. नुसता थांबला नाही, लख्ख ऊन पडलं. आभाळ असं धुतल्यासारखं निळंशार झालं की माझा वैयक्तिक अपमान करण्यासाठीच ते तसं झालं असावं. फोन वाजायला लागला. एक आई म्हणाली, दोन्ही कार्टी घरात आहेत, तुमच्याकडे पाठवू का? एक वडील म्हणाले, मुसळराव, आमच्याकडे ऊन मुसळधार पडलंय, येता का मोजायला? काटकोनकाका गॅलरीत कपाळाला हात लावून उभे होते. "गणितात बसत नाही," एवढंच म्हणाले. शेवटी साहेबांचा फोन आला.

"अहो, तो विग्रह... नक्की मध्यमपदलोपीच ना?"

मी 'हो' म्हणालो, पण आवाज माझा नव्हता. बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी बसली. त्या सबंध सकाळी माझ्या बाजूने उभं राहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. हे मी विसरणार नाही.

आम्ही विसरलो होतो ते एवढंच, की नाला आमच्या आभाळातून भरत नाही. रात्रभर डोंगरात कोसळलेलं पाणी दुपारी खाली उतरलं. आधी लांबून घरघर ऐकू आली. मग उन्हात, निळ्याशार आभाळाखाली, नाला काठ सोडून रस्त्यावर आला. वळण गेलं. शाळेची कुंपणाची भिंत गाड्या उभ्या राहतात त्या जागेवर आडवी झाली. वर्गांत पाणी शिरलं आणि बाकांवरून वाहायला लागलं. ज्या बाकांवर पोरं मागच्या वेळी उभी राहिली होती, तेच बाक एकमेकांवर आपटत मैदानात फिरत होते.

त्यांच्यावर एकही पोर नव्हतं. सगळ्या शाळांतली सगळी पोरं आपापल्या घरी आईचं डोकं खात होती.

फोन पुन्हा वाजायला लागला. पण आता पलीकडची माणसं बोलत नव्हती, नुसती रडत होती किंवा हसत होती. सकाळच्या त्या वडिलांनी मला 'दादा' म्हटलं. काटकोनकाका जिना उतरून आले, भिंतीकडे न बघता थेट आत शिरले आणि त्यांनी मला मिठी मारली, तीही जरा तिरकीच. साहेबांचा आवाज तर भरून आला होता. "मध्यमपदलोपी!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काय भाषा आहे हो आपली!" आणि मी, प्रूफरीडर असूनही, आनंदाने ओरडलो. तळमजल्यावरच्या वहिनी चोर आला समजून बत्ता घेऊन धावत आल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे वळणावर गेलो. भिंती पडल्या होत्या, खांब वाकले होते, मुसळ जागच्या जागी उभं होतं. काटकोनकाकांनी ओळंबा लावला आणि समाधानाने मान हलवली. शिक्का किंचित पुसट झाला होता. किल्ल्यांचा जुडगा मात्र गेला तो गेलाच.

तेवढ्यात मावशी आल्या. मुसळ मागायलाच आल्या होत्या, कारण शिलाई मशीनने दाराशी असहकार पुकारला होता. मी त्यांची नजर चुकवून बायकोमागे सरकलो. मावशींनी मुसळाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, लाल पट्ट्यावर नखाने खरवडून पाहिलं.

"काय गं चिमे," त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या मुसळाचं इथं करतात तरी काय?"

चिमीच्या पाठीला दप्तर होतं. शाळा दुसऱ्या इमारतीत भरायची होती आणि आभाळात थोडे ढग होते. सकाळपासून तिने पोटाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिने आधी कोरडा लाल पट्टा नीट पाहिला, मुसळाला एक चापट मारली आणि मावशींना सांगितलं, "हा पट्टा बुडाला की माझे बाबा शाळा बंद करतात. नाही बुडाला तर शाळेत जायचं. मी चालले."

आणि ती गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि दाराला नवं कुलूप घेईन म्हणाल्या.

तिच्या वाक्यात एक चूक होती. शाळा मी बंद करत नाही, साहेब करतात. जन्मात पहिल्यांदा चूक दिसली आणि हाताला खाज सुटली नाही. ती मी तशीच राहू दिली.